पॉवर प्रेसला लाइट कर्टन बसवताना: आधी ब्रेक मोजा, मग अंतर ठरवा

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये जा, नवीन ऑर्डर घेताना मोठी कंपनी पहिला प्रश्न विचारते, "प्रेसला सेन्सर आहेत का?" मग मालक घाईने दोन पिवळ्या पट्ट्या आणतो, प्रेसच्या पुढच्या बाजूला बोल्ट मारून बसवतो, वायरमन दोन तारा पॅनेलमध्ये जोडतो आणि ऑडिट पार पडतं. हात घातला की लाल दिवा लागतो, प्रेस थांबते. सगळ्यांना वाटतं, काम झालं.

प्रश्न असा आहे की प्रेस हात पोचायच्या आधी थांबते की नंतर. याचं उत्तर त्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये नसतं. लाइट कर्टन म्हणजे या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामधला न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. ते प्रेस थांबवत नाही, किरण तुटला की फक्त "कुणीतरी आत आलंय" एवढंच सांगतं. थांबवायचं काम क्लच, ब्रेक आणि व्हॉल्व्हचं. म्हणून हा लेख सेन्सरच्या कॅटलॉगपासून सुरू न करता प्रेसच्या मागच्या बाजूपासून, म्हणजे फ्लायव्हीलकडून सुरू करतो. कामाचा क्रमही तोच ठेवा.

पहिलं काम: क्लच कुठला आहे ते बघा

आपल्याकडच्या लहान शॉपमध्ये जुन्या सी-फ्रेम प्रेस भरपूर आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा पिन क्लच किंवा रोलिंग की, म्हणजे चावी क्लचच्या आहेत. पेडल दाबलं की चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि क्रँक पूर्ण एक फेरा मारूनच सुटते. मधे थांबण्याची सोयच त्या रचनेत नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या अशा प्रेसवर रॅम, म्हणजे वर-खाली होणारा भाग, वरून खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात कर्टनने कितीही ओरडून सांगितलं तरी ऐकणारं कुणी नाही. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरतंच राहतं.

म्हणून चावी क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन लावू नका. अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या, पॉवर प्रेसच्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय: पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर अशी उपस्थिती ओळखणारी उपकरणं वापरायची नाहीत. अशा प्रेसवर कर्टन लावणं हे न लावण्यापेक्षा वाईट, कारण ऑपरेटरला वाटतं आपल्याला संरक्षण आहे आणि हात बिनधास्त आत जातो.

मग त्या प्रेसचं काय करायचं? दोनच सरळ रस्ते आहेत. एक, हात डायमध्ये जाणारच नाही अशी व्यवस्था. बंद डाय करा, जिच्यात पंच आणि डायमधली उघडी फट ६ मिमीच्या वर जात नाही. किंवा पुढे आणि दोन्ही बाजूंना पक्की जाळी लावून, पत्रा आत सरकवायला अरुंद फट ठेवा आणि माल घसरगुंडीने बाहेर काढा. चिमटा किंवा मॅग्नेटचा दांडा मदतीला आहे, पण तो गार्डची जागा घेत नाही. दुसरा रस्ता खर्चिक: प्रेसला न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवून घ्यायचा. तो बसल्यावर, आणि तेव्हाच, या लेखाचा पुढचा भाग तुमच्या कामाचा.

दुसरं काम: प्रेस किती वेळात थांबते ते मोजा

न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचमध्ये हवा आत असेपर्यंत क्लच धरलेला असतो. हवा सोडली की स्प्रिंग ब्रेक दाबतात. म्हणजे थांबण्याचा वेळ हा मुख्यतः "हवा किती लवकर बाहेर पडते" आणि "लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, किती घट्ट धरतो" या दोन गोष्टींवर ठरतो. हे लक्षात आलं की कुठे गडबड होते तेही कळतं.

व्हॉल्व्हच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला जो सायलेन्सर लावलेला असतो, तो एकदा काढून हातात घेऊन बघा. तेल आणि धूळ मिळून आतली जाळी काळी, चिकट झालेली असते. फुंकर मारली तर हवा पलीकडे जात नाही. तोच सायलेन्सर प्रेसवर असताना क्लचमधली हवा हळूहळू सुटते, ब्रेक उशिरा लागतो आणि रॅम आणखी खाली सरकतो. बाहेरून काहीच कळत नाही, कारण प्रेस थांबते तर आहे. लायनरवर तेल गळणं, हवेचा दाब गरजेपेक्षा जास्त ठेवणं, जड वरची डाय लावून काउंटर बॅलन्सचा, म्हणजे रॅमचं वजन तोलणाऱ्या सिलिंडरचा, दाब न बदलणं, या सगळ्यांचा परिणाम तोच.

मोजणी स्टॉप टाइम मीटरने करायची. त्याची तार किंवा स्केल रॅमला जोडतात, थांबण्याचा सिग्नल गेल्यापासून रॅम खरोखर स्थिर होईपर्यंतचा वेळ ते दाखवतं. सिग्नल क्रँक साधारण ९० अंशावर असताना द्या, तिथे रॅमचा वेग सर्वात जास्त असतो. प्रेस गरम झालेली असू दे, शॉपमधली सर्वात जड वरची डाय लावलेली असू दे, स्ट्रोक सर्वात जास्त वेगाचे असू देत. सकाळी थंड प्रेसवर, रिकाम्या रॅमने घेतलेला आकडा छान येतो आणि तोच आकडा बोटं घालवतो.

किमान दहा वेळा मोजा. सरासरी काढून तिच्यावर समाधान मानू नका, दहातला सर्वात मोठा आकडा धरा. दहा आकड्यांत फार फरक दिसत असेल, एकदा १६० मिलिसेकंद, एकदा २२०, तर पुढे जाऊच नका. आधी व्हॉल्व्ह आणि ब्रेक दुरुस्त करा. मीटर विकत घेण्याची गरज नाही, कर्टन पुरवणारे अनेक जण मोजणीची सेवा देतात. कर्टनच्या ऑर्डरमध्येच "स्टॉप टाइम रिपोर्टसह" असं लिहून घ्या.

तिसरं: कर्टन निवडणं

इथे फार वेळ घालवू नका. पॉवर प्रेसवर माणूस हाताने माल लावत असेल तर आयईसी ६१४९६ या मानकाप्रमाणे टाइप ४ चं कर्टन घ्या. टाइप २ स्वस्त असतं, पण ते स्वतःची तपासणी ठरावीक अंतराने करतं. टाइप ४ ची स्वतःवरची नजर सतत असते, आत एखादा भाग बिघडला तर लगेच आउटपुट बंद करतं. पॅकिंग मशीनवर टाइप २ चालू शकतं, प्रेसवर नाही.

रिझोल्यूशन म्हणजे कर्टनला नक्की दिसेल अशी सर्वात लहान वस्तू. १४ मिमीचं बोट ओळखतं, ३० मिमीचं हात ओळखतं. यातलं कुठलं, हे अंतराच्या हिशेबावर ठरतं, तो पुढे आहे. उंची अशी घ्या की डाय उघडी असताना जी मोकळी जागा दिसते ती पूर्ण झाकून वर-खाली थोडं जास्त राहील. आणि प्रत्येक कर्टनचा प्रतिसादाचा वेळ नेमप्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. उंची वाढली, किरणं वाढली की तो वेळही वाढतो. तो आकडा लिहून ठेवा.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: अंतर

आयएसओ १३८५५ हे मानक याच कामासाठी आहे. त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि मांडणी बदलली. इथे दिलेला हिशेब शॉपमध्ये सर्वांच्या ओळखीच्या २०१० च्या आवृत्तीचा आहे. सूत्र साधं आहे:

कर्टनचं अंतर = हाताचा वेग × एकूण वेळ + भर

एकूण वेळ म्हणजे तीन वेळांची बेरीज: कर्टनचा प्रतिसाद, सेफ्टी रिलेचा (कर्टनचा सिग्नल घेऊन प्रेसचा सप्लाय तोडणाऱ्या भागाचा) प्रतिसाद आणि प्रेस थांबण्याचा मोजलेला वेळ. रिझोल्यूशन ४० मिमी किंवा कमी असेल तर हाताचा वेग आधी सेकंदाला २००० मिमी धरायचा. भर म्हणजे किरण तुटेपर्यंत बोटं जितकी आत गेलेली असू शकतात तितकं अंतर. ते असं काढतात: रिझोल्यूशनमधून १४ वजा करा, उरलेल्याला ८ ने गुणा. १४ मिमीच्या कर्टनला भर शून्य, ३० मिमीच्याला १२८ मिमी.

एक प्रेस घेऊ. मोजणीत सर्वात मोठा आकडा १८० मिलिसेकंद, कर्टन १५, रिले २०. एकूण २१५ मिलिसेकंद, म्हणजे ०.२१५ सेकंद.

१४ मिमीचं कर्टन: २००० × ०.२१५ = ४३० मिमी. भर शून्य. उत्तर ४३० मिमी.

३० मिमीचं कर्टन: ४३० + १२८ = ५५८ मिमी. उत्तर ५०० च्या वर गेलं की मानक वेग १६०० धरून पुन्हा हिशेब करू देतं: ३४४ + १२८ = ४७२. पण या दुसऱ्या हिशेबात ५०० च्या खाली जाता येत नाही, म्हणून उत्तर ५०० मिमी.

उत्तर कितीही लहान आलं तरी १०० मिमीच्या आत कर्टन आणायचं नाही.

आता खरा मुद्दा. वरच्या प्रेसला कर्टन बरोबर ४३० वर लावलं आणि सहा महिन्यांनी लायनर झिजून थांबण्याचा वेळ १८० चा २३० झाला, तर हिशेब ५०० मिमी मागतो. कर्टन ७० मिमी जवळ आहे. लाल दिवा तसाच लागतोय, प्रेस तशीच थांबतेय, पण थांबायच्या आधी बोटं पोचतात. म्हणून मी नेहमी सांगतो की मोजलेल्या वेळेत आधीच वाढ धरा. १८० मोजलं तर २०० धरून ४७० मिमीवर लावा, आणि प्रेसला ब्रेक मॉनिटर असेल तर त्याची मर्यादा २०० वर सेट करा. वेळ २०० च्या वर गेला की मॉनिटर पुढचा स्ट्रोक देणार नाही. ही जोडी जमली की कर्टनवर खरोखर विसंबता येतं.

अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं, यातही गफलत होते. किरणांच्या पातळीपासून डायमध्ये जिथे बोट चिमटेल अशा सर्वात जवळच्या जागेपर्यंत. प्रेसच्या बॉडीपासून नाही, बोलस्टरच्या, म्हणजे खालची डाय बसते त्या जाड प्लेटच्या, काठापासूनही नाही. आणि पुढे बाहेर आलेली मोठी डाय लावली तर धोक्याची जागा ऑपरेटरकडे सरकते. म्हणून हिशेब तुमच्या सर्वात पुढे येणाऱ्या डायसाठी करा.

ऑपरेटर कुरकुरणार हे गृहीत धरा. ४७० मिमी म्हणजे माल लावायला हात लांबवावा लागतो, दिवसभरात खांदा दुखतो. त्यावर उपाय कर्टन जवळ आणणं हा नाही. माल ठेवायला छोटा सरकता ट्रे करा, डायला लोकेटर नीट बसवा, बसायच्या स्टुलाची उंची बदला. आणि ब्रेक सुधारून थांबण्याचा वेळ खरोखर कमी केला तर कर्टन हक्काने जवळ आणता येतं. प्रत्येक १० मिलिसेकंद वाचले की २० मिमी मिळतात.

आजूबाजूच्या वाटा

कर्टन फक्त समोर बघतं. दोन्ही बाजू आणि मागची बाजू पक्क्या जाळीने बंद करा, आणि ती जाळी काढायला अवजार लागेल अशी असू दे. नुसती आकड्याला अडकवलेली जाळी दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकलेली दिसते.

वरून हात जातो का, खालून जातो का, ते उंच माणसाला उभं करून बघा, अर्थात मोटर बंद आणि फ्लायव्हील थांबलेलं असताना, रॅमला सेफ्टी ब्लॉक लावून. आणि कर्टन लांब गेलं की नवी अडचण येते: कर्टन आणि बोलस्टर यांच्यामध्ये माणूस उभा राहू शकेल एवढी जागा तयार होते. एकदा तो आत गेला की किरण पुन्हा जुळतात आणि प्रेसला वाटतं कुणी नाही. ही मोकळी जागा साधारण ७५ मिमीपेक्षा जास्त असेल तर तिथे आडवं जादा कर्टन लावा किंवा तिरका पक्का पत्रा ठोकून उभं राहणंच अशक्य करा.

चकचकीत पत्र्यापासून सावध

कर्टनचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असतो आणि तो थोडा पसरत जातो. शेजारी पॉलिश केलेला डायचा ब्लॉक, स्टेनलेसचा ट्रे किंवा नवा कोरा गार्ड असेल तर प्रकाश त्याच्यावर आपटून हाताला वळसा घालून रिसीव्हरवर पोचतो. हात आत, आणि दिवा हिरवा. टाइप ४ च्या कर्टनमध्ये दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ मीटरपर्यंत असेल तर अशी चकचकीत वस्तू किरणांच्या पातळीपासून किमान १३१ मिमी लांब हवी. ५ मीटरला हे अंतर सुमारे २१८ मिमी होतं. जागा नसेल तर त्या भागाला मॅट काळा रंग द्या. दोन प्रेस शेजारी असतील तर एकीच्या एमिटरचा (प्रकाश सोडणाऱ्या पट्टीचा) प्रकाश दुसरीच्या रिसीव्हरवर (तो झेलणाऱ्या पट्टीवर) पडणार नाही अशी तोंडं उलटसुलट ठेवा.

वायरिंग: दोन्ही तारा शेवटपर्यंत दोनच राहिल्या पाहिजेत

कर्टनमधून दोन सुरक्षा आउटपुट येतात, त्यांना ओएसएसडी म्हणतात. २४ व्होल्टचे हे दोन आउटपुट एकमेकांवर नजर ठेवतात. ते दोन्ही सेफ्टी रिलेला किंवा सेफ्टी पीएलसीला जायला हवेत. पॅनेल उघडल्यावर बऱ्याचदा दिसतं ते असं: दोन्ही तारा एकत्र पिळून एका साध्या रिलेच्या कॉइलला दिलेल्या, आणि त्या रिलेचा एक कॉन्टॅक्ट व्हॉल्व्हच्या लाइनमध्ये. हा एक कॉन्टॅक्ट चिकटला की टाइप ४ च्या कर्टनचे सगळे पैसे पाण्यात. साध्या पीएलसीच्या इनपुटला जोडणंही तितकंच चुकीचं.

सेफ्टी रिलेच्या पुढे दोन स्वतंत्र कॉन्टॅक्टर, त्यांचे फीडबॅक कॉन्टॅक्ट परत रिलेकडे, आणि क्लच-ब्रेकला डबल व्हॉल्व्ह. डबल व्हॉल्व्हमध्ये एक स्पूल अडकला तरी दुसरा हवा सोडतो. कर्टनपासून ब्रेकपर्यंत कुठेही दोनाचं एक झालं, तर सगळी सुरक्षितता त्या एकावर लटकते. सप्लाय २४ व्होल्ट डीसीचा, चांगला एसएमपीएस घ्या, आणि केबल मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच पाइपमधून ओढू नका.

रीसेटचं बटण अशा ठिकाणी हवं की जिथून डायची सगळी जागा दिसते आणि कर्टनच्या आत उभं राहून जिथे हात पोचत नाही. किरण मोकळे झाल्याबरोबर प्रेस आपोआप पुढे चालू होता कामा नये. स्ट्रोक पुन्हा पेडलने किंवा दोन हातांच्या बटणानेच सुरू झाला पाहिजे.

म्युटिंग आणि ती चावी

रॅम वर जाताना धोका नसतो, म्हणून क्रँक १८० अंश ओलांडल्यावर कर्टन तात्पुरतं दुर्लक्षित ठेवणं, म्हणजे म्युटिंग, मान्य आहे, त्यामुळे ऑपरेटरला माल लवकर काढता येतो. पण वर जातानाही चिमटेल असा स्ट्रिपर किंवा इजेक्टर डायमध्ये असेल तर हे करू नका. कॅम स्विच सैल होऊन सरकतात, त्यांचा कोन डाय बदलताना बघा.

बायपासची चावी, म्हणजे कर्टन बाजूला ठेवून प्रेस चालवू देणारी पॅनेलवरची चावी, हा वेगळा विषय. डाय सेट करताना ती लागते, ठीक आहे. पण तेव्हा प्रेस इंचिंगवरच, म्हणजे थोडी थोडी सरकवतच, चालायला हवी, पूर्ण स्ट्रोक मिळताच कामा नये. आणि चावी सेटरच्या किंवा सुपरवायझरच्या खिशात, पॅनेलला लटकलेली नको. शिफ्टचं टार्गेट गाठायला रात्रपाळीत चावी फिरवून काम चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये पहिल्यापासून अपेक्षा हीच होती की यंत्राचा धोकादायक भाग फिरत असताना त्याचं संरक्षण जागेवर आणि चालू स्थितीत असलं पाहिजे. चावी फिरवून काढलेल्या प्रत्येक नगावर ते संरक्षण नव्हतं. टार्गेट ठरवताना कर्टन चालू ठेवून निघणारा आकडाच धरा, मग चावीची गरज पडत नाही.

रोबो सेलला हात नाही, माणूस ओळखायचा असतो

वेल्डिंग रोबोच्या सेलच्या दाराशी बोटाचा प्रश्न नसतो, तिथे तीन-चार किरणांचा अडसर पुरतो. तीन किरण असतील तर जमिनीपासून ३००, ७०० आणि ११०० मिमी, चार असतील तर ३००, ६००, ९०० आणि १२००. हिशेबात वेग १६०० आणि भर थेट ८५० मिमी, कारण किरणांच्या मधून अख्खा हात आत जाऊ शकतो. रोबो थांबायला एकूण अर्धा सेकंद घेत असेल तर ८०० + ८५० = १६५० मिमी. प्रेसवाल्याला हा आकडा मोठा वाटतो, पण तो तसाच पाळायचा. आणि इथे माणूस पूर्ण आत जाऊ शकतो, म्हणून हाताने रीसेट सक्तीचं.

रोज सकाळी, दोन मिनिटं

कर्टनबरोबर एक गोल काठी येते, टेस्ट रॉड. १४ मिमीच्या कर्टनची १४ मिमी जाड. ती ड्रॉवरमध्ये हरवते, म्हणून प्रेसलाच क्लिप करून ठेवा.

शिफ्ट सुरू होताना मोटर बंद ठेवून रॉड वरपासून खालपर्यंत सावकाश न्या. एकदा एमिटरच्या अगदी जवळून, एकदा रिसीव्हरजवळून, एकदा मधोमध. रॉड आत असेपर्यंत लाल दिवा सतत हवा. मधेच क्षणभर जरी हिरवा झाला तरी ती प्रेस त्या दिवशी चालणार नाही, कारण त्या एका जागी किरण कुठूनतरी वळून येतोय. मधोमधची फेरी घाईत गाळू नका, परावर्तन बहुतेक तिथेच पकडलं जातं.

मग प्रेस चालू करा, स्ट्रोक द्या आणि रॅम खाली येताना रॉड किरणांत घाला. रॉडच, हात कधीच नाही. रॅम तिथल्या तिथे थांबला पाहिजे, आणि रॉड काढल्यावर आपोआप चालू होता कामा नये. शेवटी काचा मऊ कोरड्या कपड्याने पुसा, तेलाचा थर बसला की कर्टन विनाकारण अडतं आणि मग कुणाचा तरी हात बायपासच्या चावीकडे जातो. पट्ट्यांचे बोल्ट हलतात का ते बघा. नट सैल करून कर्टन चार बोटं पुढे सरकवलेलं असेल तर ते लगेच कळावं म्हणून योग्य जागी ब्रॅकेटवर रंगाची रेघ मारून ठेवा.

रजिस्टरमध्ये तारीख, प्रेस नंबर, तपासणाऱ्याची सही. आणि त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर थांबण्याच्या वेळेचे आकडे. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि लायनर बदलला, व्हॉल्व्ह बदलला, स्ट्रोकचा वेग वाढवला किंवा आधीपेक्षा जड डाय आली तर सहा महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी. नवा आकडा आधीच्यापेक्षा मोठा आला तर दोनच पर्याय: ब्रेक दुरुस्त करून आकडा खाली आणा, किंवा ब्रॅकेट सैल करून कर्टन मागे घ्या आणि रेघ नव्या जागी मारा.